माजी साहेबांचा शब्द: रेफरन्सवर किती विसंबावे आणि त्याचा गैरवापर झाला तर काय करावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकणच्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात चार वर्षे क्वालिटी विभागात काम केलेल्या अभियंत्याने दुसरीकडे मुलाखतीच्या तिन्ही फेऱ्या पार केल्या, पगाराचे बोलणे झाले आणि रुजू होण्याची तारीखही तोंडी ठरली. त्यानंतर नव्या कंपनीच्या एचआरने त्यांच्या जुन्या विभागप्रमुखांना फोन केला आणि दोन दिवसांनी "तूर्तास ही जागा थांबवली आहे" असा मेल आला. या विभागप्रमुखांशी निघताना नोटीस पिरियडवरून त्यांचे चांगलेच वाजले होते. आता त्यांचे तीन प्रश्न आहेत: माजी वरिष्ठाच्या सांगण्यावर एवढे विसंबणे योग्य आहे का, त्यांनी खोटे सांगितले असेल तर कायद्याने काही करता येते का, आणि पुढच्या ठिकाणी हेच घडू नये म्हणून काय करावे.

मी २६ वर्षे भोसरी, चाकण आणि रांजणगाव या पट्ट्यातल्या कारखान्यांत मनुष्यबळ विभागात काम केले आहे. असे फोन मी केलेही आहेत आणि घेतलेही आहेत. त्यामुळे हे उत्तर फोनच्या दोन्ही टोकांकडून देतो.

आधी एक गल्लत दूर केली पाहिजे. "रेफरन्स" या एकाच शब्दाखाली आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी करतो. एक म्हणजे वस्तुस्थितीची पडताळणी: माणूस कधीपासून कधीपर्यंत कामाला होता, कोणत्या पदावर होता, राजीनामा देऊन गेला की काढला गेला. दुसरी म्हणजे मत: माणूस कसा आहे. पहिल्या गोष्टीसाठी माजी साहेबांची मुळीच गरज नसते. रिलीव्हिंग लेटर, फॉर्म १६ आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा एकमेकांशी ताडून पाहता येतात. २०१४ पासून भविष्य निर्वाह निधीचा युएएन क्रमांक आल्यावर कोणत्या आस्थापनेने कोणत्या महिन्यात पैसे भरले हे उमेदवार स्वतःच्या पासबुकातून दाखवू शकतो, आणि माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात तर नॅसकॉम या उद्योग-संघटनेच्या पुढाकाराने २००६ मध्ये नॅशनल स्किल्स रजिस्ट्री याच कामासाठी उभी राहिली. पडताळणीचे काम कागद चोख करतात. सगळा घोटाळा मताच्या ठिकाणी होतो, कारण मत विचारणाराही ते पडताळणीच्याच भावनेने लिहून घेतो.

माझे म्हणणे सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. माजी वरिष्ठाचे मत ही एका नात्याविषयीची साक्ष असते. ते माणसाचे मोजमाप नव्हे. साक्षीला किंमत असते, पण ती साक्षीदाराला उलटतपासणीचे प्रश्न विचारल्यावरच कळते. आपल्याकडे हे प्रश्न विचारलेच जात नाहीत, आणि म्हणून होणाऱ्या नुकसानाची मोठी जबाबदारी मी वाईट बोलणाऱ्या साहेबांपेक्षा ऐकून घेणाऱ्या एचआरवर टाकतो.

संशोधनही फार वेगळे सांगत नाही. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये निवडपद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. पुढे कामगिरी कशी होईल याच्याशी रेफरन्सचा सहसंबंध त्यांना ०.२६ इतका आढळला (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध). सर्व उमेदवारांना ठरलेले तेच प्रश्न विचारून घेतलेल्या मुलाखतीचा ०.५१ होता आणि प्रत्यक्ष काम करून दाखवायला लावण्याचा ०.५४. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये फेरमांडणी करून यातले बरेच आकडे खाली आणले, तेव्हा ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत सर्वांत वर आली. त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो १९८१ चा अमेरिकेतला शिफारसपत्रांचा एक अभ्यास. एकाच माणसाविषयी दोन वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेल्या पत्रांत जेवढे साम्य होते, त्यापेक्षा अधिक साम्य एकाच लेखकाने दोन वेगळ्या माणसांविषयी लिहिलेल्या पत्रांत निघाले. म्हणजे पत्र ज्याच्याविषयी असते त्याच्याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, ते लिहिणाऱ्याविषयी सांगते. ज्याने दहा-बारा वर्षे असे फोन केले आहेत त्याला हे वाचून आश्चर्य वाटणार नाही. काही साहेबांच्या तोंडी प्रत्येक जण "सिन्सियर" असतो, आणि काहींच्या लेखी त्यांच्या हाताखालून गेलेला एकही माणूस धड नसतो.

मला स्वतःला हे शिकायला एका उमेदवाराचे नुकसान व्हावे लागले. ते मी इथे नीट सांगतो, कारण आजच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे.

अंतिम तपासणीसाठी आम्हाला एक अनुभवी निरीक्षक हवी होती. एक बाई निवडल्या गेल्या. मायक्रोमीटर हातात घेण्याच्या पद्धतीवरूनच आमच्या क्वालिटी मॅनेजरना त्या पसंत पडल्या होत्या. मी त्यांच्या जुन्या साहेबांना फोन केला. फोन चार मिनिटेही चालला नसेल. साहेब म्हणाले, "कामाला हुशार आहेत, त्याबद्दल काही म्हणणे नाही." मग थोडे थांबले. "पण अ‍ॅडजस्ट होत नाहीत." पुन्हा थांबले. "बाकी तुम्ही समजून घ्या." मी समजून घेतले आणि फॉर्मवर "संघभावना कमी" असे लिहिले. जागा दुसऱ्याला गेली.

दोनेक वर्षांनी एका पुरवठादाराच्या ऑडिटला गेलो असताना त्याच जुन्या कारखान्यातले एक फोरमन भेटले आणि बोलता बोलता त्या बाईंचा विषय निघाला. महिनाअखेरीला पाठवायच्या एका लॉटमध्ये बोअर, म्हणजे भागाचे आतले भोक, मोठा झाला होता. भोक तपासायच्या प्लग गेजची जी नो-गो बाजू आत जाता कामा नये, ती सरळ आत जात होती. बाईंनी लॉटला लाल टॅग लावला. साहेबांनी डेव्हिएशनवर, म्हणजे मापात न बसलेला माल चालवून घेण्याच्या कागदावर, सही करून माल सोडायला सांगितले. ग्राहकाची लेखी परवानगी आल्याशिवाय सही करणार नाही, असे त्या म्हणाल्या आणि शेवटपर्यंत त्यांनी सही केली नाही. "अ‍ॅडजस्ट होत नाहीत" या शब्दांचा अर्थ एवढाच होता. ज्या गुणासाठी मी माणूस शोधत होतो, नेमका तोच गुण मला दोष म्हणून सांगितला गेला आणि मी तो दोष म्हणून लिहून घेतला. साहेब खोटे बोलले नव्हते. त्यांच्या दृष्टीने ते खरेच बोलत होते. "अ‍ॅडजस्ट होत नाहीत म्हणजे नेमके काय झाले होते?" हा एक प्रश्न मी विचारला असता, तर त्यांना एक तर ती घटना सांगावी लागली असती किंवा गप्प बसावे लागले असते, आणि दोन्हींतून मला खरे कळले असते. मी नंतर त्या बाईंना फोन करून झाले ते सांगितले. त्या तोवर दुसरीकडे रुजू झाल्या होत्या, परंतु मधले सात महिने त्यांचे रिकामे गेले होते.

तेव्हापासून आमच्या फॉर्मवरून मी विशेषणांची जागाच काढून टाकली. तिथे घटना लिहायची, आणि घटना मिळाली नाही तर रकाना कोरा ठेवायचा.

आता गैरवापराकडे वळतो. वाईट सांगून अडवणे हा त्याचा एक प्रकार झाला. तो तुमच्या वाट्याला आला असण्याची शक्यता आहे. त्यातही उघड खोटे आरोप मी फार कमी ऐकले आहेत. जास्त करून सूचक बोलले जाते: "मी काही बोलत नाही", "आमच्याकडे पुन्हा घेणार नाही एवढेच सांगतो", "तुम्हीच बघा". असे बोलणाऱ्याच्या अंगाला काही लागत नाही आणि ऐकणारा मात्र मनात वाटेल ते भरून घेतो. आपल्या औद्योगिक पट्ट्यात याचे आणखी घातक रूप एचआरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत दिसते. कुणीतरी नाव टाकून विचारतो, "हा मुलगा कुणाच्या ओळखीचा?" आणि ज्याने त्याच्यासोबत कधी कामही केलेले नाही असा कुणी "टाळा" एवढेच लिहितो. त्या एका शब्दाला ना सही असते ना तारीख, पण तो दहा-वीस कारखान्यांत पोहोचतो आणि ज्याच्याविषयी आहे त्याला तो कधीच दिसत नाही. मी अशा गटांतून बाहेर पडलो आहे आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक एचआरला बाहेर पडायला सांगतो.

दुसरा प्रकार म्हणजे रेफरन्सला ओलीस ठेवणे. नव्वद दिवसांची नोटीस पूर्ण केल्यावरही "अजून पंधरा दिवस थांब, नाहीतर फोन आला की मी काय सांगायचे ते सांगेन" असे म्हणणारे वरिष्ठ आहेत. प्रतिस्पर्ध्याकडे चालला म्हणून रिलीव्हिंग लेटर अडवून ठेवणारेही आहेत. यांना एक गोष्ट ठाऊक असायला हवी. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार माणसाला त्याचा व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरतो, आणि नोकरी संपल्यानंतर लागू होणारी अशी बंधने टिकत नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये पर्सेप्ट डी'मार्क विरुद्ध झहीर खान या प्रकरणातही सांगितले आहे. जे करारात लिहूनही टिकत नाही ते फोनवरच्या धमकीने मिळवणे हा शुद्ध दांडगेपणा आहे. नोकरी चालू असतानाच्या बाँडची गोष्ट मात्र वेगळी आहे. ठरावीक काळ सेवा न दिल्यास ठरावीक रक्कम भरण्याची अट वाजवी असू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात म्हटले. तेव्हा बाँडची रक्कम थकली असेल तर कंपनीने ती कायद्याने मागावी. त्यासाठी माणसाचे नाव गहाण ठेवू नये.

तिसरा प्रकार म्हणजे खोटी स्तुती. याबद्दल फारसे बोलले जात नाही, पण मला तो पहिल्याइतकाच गंभीर वाटतो. ज्या माणसाला काढायची हिंमत नसते त्याची भरभरून तारीफ करून त्याला दुसऱ्याच्या गळ्यात घालायचे. स्टोअरमधून टूल इन्सर्ट गायब होत असल्याचा संशय असलेल्या माणसाला "अत्यंत विश्वासू" असे अनुभवपत्र देऊन निरोप दिलेला मी पाहिला आहे. साहेबांना वाटते की आपण कुणाचे वाईट केले नाही, पण पुढच्या कारखान्याचे काय? कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९९७ मध्ये आलेले प्रकरण तर अंगावर काटा आणणारे आहे. विद्यार्थिनींशी गैरवर्तनाच्या तक्रारी माहीत असूनही एका शाळा-प्रशासकाला त्याच्या जुन्या संस्थांच्या अधिकाऱ्यांनी कोणतीही आडकाठी न सांगता गौरवाची शिफारसपत्रे दिली. नव्या शाळेत त्याने एका तेरा वर्षांच्या मुलीशी दुर्वर्तन केल्याची फिर्याद होती. अशी दिशाभूल करणारी शिफारस देणारे त्यातून होणाऱ्या शारीरिक हानीला जबाबदार धरले जाऊ शकतात, असे न्यायालयाने ठरवले.

याच्याच जोडीला बनावट रेफरन्स येतो: "साहेब" म्हणून मित्राचा मोबाईल नंबर देणे, बंद पडलेल्या कंपनीचे लेटरहेड वापरणे, पैसे घेऊन अनुभव तयार करून देणारे दलाल. यावरचा उपाय सोपा आहे. उमेदवाराने दिलेल्या मोबाईलवर फोन न करता कंपनीच्या बोर्ड नंबरवरून त्या माणसापर्यंत पोहोचावे, कंपनीच्या अधिकृत पत्त्यावरून मेल मागवावा आणि कंपनी खरोखर नोंदलेली आहे का हे कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहावे. एवढ्यावर बहुतेक बनाव उघडे पडतात.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जपून पाहावी लागते. जिने वरिष्ठाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली आहे तिचा रेफरन्स त्याच वरिष्ठाकडे मागणे म्हणजे आरोपीलाच न्यायाधीश करणे होय. कायद्याने हा धोका ओळखला आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालच्या नियमांतील नियम ८ प्रमाणे चौकशी चालू असताना त्या वरिष्ठाला तक्रारदार स्त्रीच्या कामाचा अहवाल किंवा गोपनीय अहवाल लिहिण्यापासून रोखण्याची आणि ते काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देण्याची शिफारस तक्रारीची चौकशी करणाऱ्या समितीला करता येते. हेच तत्त्व रेफरन्सला का लावू नये? आणि फोनवर "तिची काही तक्रार वगैरे होती का?" असे विचारणाऱ्या एचआरने लक्षात ठेवावे की त्याच कायद्याचे कलम १६ तक्रारीचा तपशील आणि तक्रारदाराची ओळख बाहेर जाहीर करायला मनाई करते. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या बाईंविषयी "अलीकडे लक्ष कमी होते" असे सांगितले जाते, तेव्हाही तारखा विचाराव्यात. बहुतेक वेळा "अलीकडे" म्हणजे रजेचेच महिने निघतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कायद्याचा. आपल्याकडे खासगी नोकरीत माजी मालकाने मत द्यावेच असे बंधन मला कुठे आढळलेले नाही. कारखान्यातल्या कायम कामगाराला सेवा संपताना सेवेचा दाखला मिळण्याचा हक्क औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा, १९४६ खालच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या अटींच्या नमुन्यात, दिला होता, पण तो दाखला नोकरीच्या वस्तुस्थितीचा असतो. खोटी बदनामी झाली असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ आहे. जुन्या दंड संहितेतल्या कलम ४९९ आणि ५०० च्या जागी ते १ जुलै २०२४ पासून लागू झाले. मात्र त्यातले अपवाद समजून घ्या. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हिताच्या रक्षणासाठी सद्भावनेने केलेले विधान बदनामी ठरत नाही, आणि "नव्या मालकाला सावध केले" असा बचाव याच अपवादातून घेतला जातो. सद्भावना म्हणजे पुरेशी काळजी घेऊन बोलणे, आणि वैर असल्याचे दाखवता आले तर हा बचाव लंगडा पडतो. पण तोंडी बोललेले सिद्ध करायला फोनच्या दुसऱ्या टोकाचा माणूस साक्षीला यावा लागतो, आणि तो येत नाही. म्हणून लेखी पुरावा हाती नसेल तर न्यायालयाची पायरी चढण्याचा सल्ला मी देणार नाही. लेखी खोटा आरोप हाती असेल, तर मात्र वकिलाला दाखवा.

इंग्लंडमध्ये यापेक्षा पुढचे पाऊल पडले. स्प्रिंग विरुद्ध गार्डियन अ‍ॅश्युरन्स या खटल्यात एका विमा-विक्रेत्याविषयी त्याच्या जुन्या कंपनीने तो प्रामाणिक नसल्याचे लिहून दिले होते. लिहिणाऱ्याच्या मनात आकस असल्याचे सिद्ध झाले नाही. त्याने केवळ नीट चौकशी न करता लिहिले होते. तरीही १९९४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, निर्णय दिला की रेफरन्स देणाऱ्या मालकावर जुन्या कर्मचाऱ्याप्रती काळजी घेण्याचे कर्तव्य आहे. मला हा विचार योग्य वाटतो. दुष्ट हेतूची वाट का पाहावी? निष्काळजीपणाही तेवढेच नुकसान करतो. जर्मनीत तर कर्मचाऱ्याला लेखी प्रमाणपत्राचा हक्कच आहे, आणि ते खरे असूनही त्याच्या पुढच्या वाटेत काटे पेरणारे नसावे अशी अपेक्षा असते. त्याचा परिणाम असा झाला की तिथे सांकेतिक भाषा तयार झाली: "सदैव आमच्या पूर्णतम समाधानानुसार" म्हणजे उत्तम, नुसते "आमच्या समाधानानुसार" म्हणजे जेमतेम, आणि "त्यांनी प्रयत्न केला" म्हणजे जमले नाही. जर्मनीत नोकरी करणाऱ्या मराठी मुलामुलींनी निघताना हा कागद जाणकाराकडून वाचून घ्यावा, कारण वरून गोड दिसणारे वाक्य आतून नापास करणारे असू शकते.

शब्दांच्या अशा छुप्या वजनाचा आपल्याकडचा सर्वांत बोलका दाखला सरकारी नोकरीतला आहे. सीमा सडक सेवेतल्या देव दत्त या अभियंत्याच्या गोपनीय अहवालात एका वर्षी "चांगला" असा शेरा होता. शेरा वाईट नाही म्हणून त्यांना तो कळवलाच नव्हता. पण बढतीसाठी "अतिशय चांगला" हा निकष होता, त्यामुळे तो "चांगला" शेराच आडवा आला. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निकाल दिला की चांगला असो वा वाईट, प्रत्येक शेरा संबंधिताला कळवलाच पाहिजे, म्हणजे त्याला त्याविरुद्ध दाद मागता येईल. खासगी कंपन्यांवर तो निकाल बंधनकारक नाही, हे खरे. पण रेफरन्स घेणाऱ्याने स्वतःहून पाळावे असे तत्त्व त्यात आहे: ज्याच्याविषयी सांगितले गेले, त्याला ते ऐकवा आणि त्याचे म्हणणे विचारा.

म्हणूनच भरती करणाऱ्यांना माझी विनंती आहे. उमेदवाराच्या लेखी संमतीशिवाय कुणालाही फोन करू नका, आणि तो आज जिथे कामाला आहे तिथे तर मुळीच नको. तुमच्या एका फोनने त्याची हातातली नोकरी जाऊ शकते. एकाच साहेबाला विचारण्यापेक्षा एक वरिष्ठ, एक बरोबरीचा आणि त्याच्या कामावर ज्यांचे काम अवलंबून होते असा एक, अशा तिघांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारा. क्वालिटीच्या माणसाविषयी उत्पादन विभागाला आणि ग्राहकाच्या प्रतिनिधीला विचारून पाहा, चित्र किती बदलते ते कळेल. "माणूस कसा आहे?" हा प्रश्न वर्ज्य करा. त्याऐवजी विचारा: तुम्ही किती काळ थेट सोबत काम केले? शेवटचे कोणते काम तुम्ही त्याच्यावर सोपवले आणि ते कुठवर गेले? तुमचे मतभेद झाले तो एक प्रसंग सांगाल का, आणि तो कसा मिटला? सांगणारा प्रसंग सांगू लागला की तारीख, मशीन आणि ग्राहक आपोआप येतात. रचलेल्या गोष्टीत ते येत नाहीत. उत्तर ज्या शब्दांत मिळाले त्याच शब्दांत लिहा. प्रतिकूल काही आले तर उमेदवाराला बोलावून सांगा. कुणी सांगितले ते सांगू नका, काय सांगितले ते सांगा. मी हे करायला लागल्यापासून अनेकदा असे झाले की उमेदवाराने दहा मिनिटांत कागद काढून समोर ठेवला. काही वेळा त्याने मान खाली घातली आणि चूक कबूल केली, आणि त्यातल्या काहींना आम्ही तरीही घेतले.

मोठ्या कंपन्या आता केवळ तारखा आणि पद सांगतात, बाकी काही बोलत नाहीत. कायदेशीर झेंगट नको म्हणून हे धोरण समजण्यासारखे आहे, पण त्यात चांगल्या माणसाचे नुकसान होते. ज्याच्याजवळ नावाजलेल्या कॉलेजची पदवी नाही, जो आयटीआय करून लेथवर शिकत शिकत वर आला, त्याच्यासाठी त्याच्या सुपरवायझरचा खरा शब्द हीच मोठी कमाई असते. म्हणून वरिष्ठांनी गप्प बसावे असे मी म्हणणार नाही. त्यांनी जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगावे, कोणत्या काळातले ते सांगावे, आणि शक्यतो लिहून देऊन त्याची प्रत त्या माणसाच्या हातात ठेवावी. ज्याच्या तोंडावर सांगता येत नाही ते त्याच्या पाठीमागे सांगू नये.

आता तुमच्यापुरते बोलतो. पहिले म्हणजे साहेबांनीच अडवले असे आत्ता धरून चालू नका. जागा खरोखर थांबवली जाते. तिमाहीचा आढावा, ग्राहकाची ऑर्डर, अंतर्गत बदली अशी कारणे मी स्वतः कितीदा पाहिली आहेत. नव्या कंपनीच्या एचआरला एक छोटा, शांत मेल लिहा. त्यात तक्रार नको, जुन्या साहेबांवर एक शब्दही नको. एवढेच लिहा की माझ्या पूर्वीच्या कामाविषयी काही शंका उपस्थित झाली असल्यास खुलासा करण्याची संधी मिळावी, आणि सोबत आणखी दोन व्यक्तींची नावे, त्यांचे पद आणि त्यांच्याशी कामाचा संबंध काय होता हे द्या. त्या दोघांना आधी विचारून त्यांची परवानगी घ्या. चार वर्षांतली वार्षिक मूल्यमापनाची पत्रे, पगारवाढीची पत्रे, प्रशंसेचे मेल तुमच्या स्वतःच्या फाइलमध्ये असतील तर त्यांच्या प्रती जोडा. मात्र कंपनीची ड्रॉइंग्ज, ग्राहकांचे अहवाल किंवा तपासणीचा डेटा चुकूनही जोडू नका. त्यातून नवा आणि खरा दोष तुमच्या माथी येईल. ज्या साहेबांनी सलग तीन वर्षे तुमच्या मूल्यमापनावर चांगले गुण देऊन सही केली आहे, त्यांच्या फोनवरच्या नाराजीपेक्षा त्या सह्या वजनदार ठरतात.

जुन्या कारखान्यात साहेबांच्या वरच्या पातळीवर किंवा एचआरकडे तुमचा कुणी विश्वासाचा माणूस असेल तर त्यांना भेटा, आणि यापुढे पडताळणीची विचारणा विभागप्रमुखांकडे न जाता एचआरकडे जावी अशी लेखी विनंती करा. बहुतेक कंपन्या हे मान्य करतात, कारण त्यांनाही वाद नको असतो. फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब, किंवा रिलीव्हिंग लेटर अजून अडकले असेल तर ते त्याच पत्रात स्वतंत्र मुद्दा म्हणून लिहा आणि पत्राची पोच घ्या.

साहेबांशी स्वतः बोलावे का, हेही तुमच्या मनात असेल. मी म्हणेन, एकदा बोला, पण जाब विचारायला जाऊ नका. "सर, नोटीसच्या वेळी आपले बोलणे बिनसले, ते मला लागून राहिले आहे. माझ्या कामाविषयी कुणी विचारले तर आपण काय सांगाल, हे मला कळले तर बरे होईल," एवढे म्हणा आणि थांबा. मी सांगितल्यावरून असे बोललेल्या बऱ्याच जणांना साहेबांनी नंतर स्वतःहून चांगले सांगितले. राग असतो तो निघून जाण्याच्या पद्धतीचा, आणि चार वर्षांच्या कामाची आठवण काढून दिली की तो ओसरतो. न ओसरल्यास निदान तुम्हाला ते कळेल.

पुढच्या मुलाखतीत "तिथून का निघालात?" हा प्रश्न येईलच. त्या वेळी, कुणी फोन करण्याआधी, तुम्हीच सांगा: नोटीसच्या कालावधीवरून माझे विभागप्रमुखांशी मतभेद झाले, त्यामुळे त्यांचे मत त्या प्रसंगाने रंगलेले असू शकते, माझ्या कामाविषयी उत्पादन विभागाचे अमुक आणि ग्राहकाकडचे अमुक यांनाही विचारावे. तीन वाक्यांत, आवाज न चढवता. फॉर्मवर साहेबांचे नाव लिहिण्याची सक्ती असेल तर ते लिहा, खाडाखोड करू नका, आणि शेजारी ही दोन नावे जोडा. समोरचा एचआर जाणता असेल तर तो तिघांनाही फोन करेल.